गिअरचा दांडा खाली आणणाऱ्यांचा इतिहास कोणी लिहायचा? (दीर्घ धागा)

१/
जुन्या प्रीमियर पद्मिनीचे छायाचित्र कोणी टाकले आणि तीत गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला न दिसता दोन आसनांच्या मधोमध उभा दिसला, की खाली एक प्रतिक्रिया हमखास उमटते : ‘मिस्त्रीने गाडीची वाट लावली.’ आजचा धागा या एका वाक्याच्या विरोधात आहे.

२/
माझे म्हणणे आरंभीच मांडतो. पद्मिनीला स्पोर्ट्स कार करू पाहणाऱ्या हौशी तरुणांनी आणि त्यांच्या मिस्त्रींनी जो गिअरबॉक्स बदलला, जो दांडा वरून खाली आणला, तो आपल्या औद्योगिक इतिहासातील अस्सल पुरावा आहे. त्याला विटंबना म्हणणारे इतिहासप्रेमी कारखान्याच्या माहितीपत्रकाला इतिहास समजत आहेत. आणि या गैरसमजापायी तो पुरावा आज, आपल्या डोळ्यांदेखत, भंगारात चालला आहे.

३/
मी हे धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा येथून लिहितो आहे. इथून कुर्ल्याचा मोटार-कारखाना जवळपास पाचशे किलोमीटर दूर. पण गिअर म्हणजे काय हे आम्हाला कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही. मोताळ्याहून बुलढाण्याला जाताना राजूर घाट लागतो. चढताना योग्य वेळी गिअर उतरवला नाही तर इंजिन गुदमरते. उतरताना गिअर न्यूट्रल करून गाडी सोडली तर ब्रेक तापतात. घाटाखालच्या माणसाला हे लहानपणीच कळते.

४/
आता थोडी पूर्वपीठिका. पेट्रोल इंजिनाचा जोर त्याच्या फेऱ्यांवर अवलंबून असतो. मंद फिरणारे इंजिन भार ओढू शकत नाही. म्हणून इंजिन आणि चाके यांच्यामध्ये दातेरी चाकांचा संच लागतो : चढावर फेऱ्या कमी करून जोर वाढवणारा, सपाटीवर वेग देणारा. १८९० च्या दशकात फ्रान्समधील पानार-लव्हासोर कंपनीने सरकत्या दात्यांचा गिअरबॉक्स रूढ केला. १९०१ च्या मर्सिडीजने दांड्याला खाचांची चौकट दिली. इंग्रजी एच या अक्षरासारखी जी मांडणी आपण आजही हाताने चाचपतो, तिचा उगम तिथे आहे.

५/
त्या काळी दोन वेगवेगळ्या गतीने फिरणारे दाते चालकाने आपल्या कौशल्याने जुळवायचे. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचे, क्लच सोडायचा, इंजिनाची गती जुळवायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. ज्यांनी जुन्या लाल एसटीच्या चालकाशेजारच्या बाकड्यावर बसून घाट चढला आहे, त्यांनी हा दुहेरी क्लच पाहिला आहे. पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. त्यानंतर कित्येक वर्षे महाराष्ट्रातील घाट या कौशल्यावर चढले गेले.

६/
१९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला. यात दात्यांची गाठ पडण्याआधी एक पितळी रिंग निमुळत्या शंकूवर घासते आणि दोन्ही भागांची गती समान करते. मगच दाते एकमेकांत शिरतात. ही रिंग झिजण्यासाठीच केलेली असते. तिची झीज म्हणजे गिअर टाकताना येणारा ‘खर्र’ आवाज. पुढचे सगळे याच पितळी रिंगेभोवती फिरणार आहे, म्हणून तिची ओळख आधीच करून दिली.

७/
आता कुर्ल्याकडे वळू. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. क्रायसलरशी करार झाला, पुढे इटलीच्या फियाटशी. जनरल मोटर्सचा शिवडीचा जोडणी-कारखाना १९२८ पासून चालू होता, तो १९५४ मध्ये बंद पडला, कारण देशात सुटे भाग बनवण्याची योजना नसलेल्या परदेशी कंपन्यांना सरकारने दार मिटले होते. कुर्ल्यात मात्र फियाट ११०० उभी राहिली. १९६४ मध्ये तिची ‘डिलाइट’ आवृत्ती आली, पुढे ‘प्रेसिडेंट’ हे नाव आले आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’.

८/
या गाडीचे इंजिन १०८९ सीसीचे. गिअर चार, आणि दांडा स्टिअरिंगच्या स्तंभावर. का? कारण मूळ इटालियन रचनेत पुढचे आसन सलग बाकासारखे होते आणि मधली जागा मोकळी ठेवायची होती. आपल्याकडे तर ती सोय वरदान ठरली. पुढे तिघे, मागे चौघे आणि मांडीवर जितके मावतील तितके. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. म्हणजे चालत्या गाडीत पहिला गिअर टाकायचा तर एसटीच्या चालकाचे कसब हवे.

९/
स्तंभावरच्या दांड्याची हालचाल गिअरबॉक्सपर्यंत थेट पोहोचत नाही. सळ्या, कोनात वळणाऱ्या तरफा, त्यांच्या सांध्यांतील बुश असा तिचा लांबचा प्रवास. प्रत्येक बुशात केसभर ढिलाई आली, तरी दांड्यापाशी तिची बेरीज होते. गाडी जुनी झाली की दांडा दोन गिअरांच्या मध्ये अडकतो. चालक खाली उतरतो, बॉनेट उघडतो, सळी हाताने हलवतो, पुन्हा बसतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्या कित्येकांनी हा विधी सिग्नलवर पाहिला आहे. त्यामागे चालकाचा निष्काळजीपणा नव्हता. रचनेतच मुरलेली ती झीज होती.

१०/
आता त्या पिढीच्या तरुणाची अवस्था ध्यानात घ्या. साठ, सत्तर, ऐंशीची दशके. परदेशी स्पोर्ट्स कार आयात करणे सामान्यांच्या आवाक्यापलीकडचे. देशात बनणाऱ्या मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांतली एकही वेगासाठी घडवलेली नव्हती. अशा वेळी ज्याला वेगाची ओढ होती, त्याच्यासमोर एकच मार्ग होता : मिळेल ती फियाट घ्यायची आणि तिची स्पोर्ट्स कार करायची. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर अशाच सुधारलेल्या गाड्या एकमेकींशी झुंजल्या.

११/
१९८५ मध्ये प्रीमियरनेच ११८ एनई बाजारात आणली. अंगकाठी फियाट १२४ ची, पण इंजिन ११७१ सीसीचे निसान ए-१२, आणि त्याच्यामागे निसानचाच गिअरबॉक्स. दांडा खाली, आसनांच्या मध्ये. तरुणांनी आणि मिस्त्रींनी लगेच ओळखले की हा संच पद्मिनीत बसू शकतो. कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारातून, अपघातग्रस्त ११८ मधून हे गिअरबॉक्स निघू लागले आणि पद्मिनीच्या पोटात शिरू लागले.

१२/
‘शिरू लागले’ हे लिहायला सोपे. प्रत्यक्षात काय काय करावे लागते ते ऐका, म्हणजे ‘वाट लावली’ म्हणताना जीभ थोडी अडखळेल.

आधी जुन्याचे निदान. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, क्लच सुटा, आणि घरघर येते. क्लच दाबताच थांबते. म्हणजे गिअरबॉक्सच्या मुख्य दांड्याचे बेअरिंग गेले. उलट क्लच दाबल्यावर आवाज येत असेल तर दोष रिलीज बेअरिंगचा. उतारावर ॲक्सिलरेटर सोडताच गिअर आपोआप निसटतो? मग कुत्रादाते गोल झाले असतील, नाहीतर खटक्याच्या गोळीमागची स्प्रिंग मेली असेल, नाहीतर फोर्क झिजला असेल. हे सगळे मिस्त्री केवळ कानाने आणि तळहाताने ठरवतो.

१३/
मग तेल काढायचे आणि बोटांवर घेऊन उन्हात धरायचे. त्यात सोनेरी चमक दिसली तर पितळी रिंगा झिजल्या. चुंबकाला कण चिकटले तर पोलाद, म्हणजे दाते किंवा बेअरिंग. बॉक्स खोलल्यावर रिंग शंकूवर दाबून धरायची आणि रिंग व दाते यांच्यातील फट पातळ पट्टीच्या मापाने मोजायची. फट उरलीच नसेल, तर रिंग टेकली, तिचे काम संपले. नवीन रिंग टाकून त्यावर चुकीचे तेल ओतले तर मेहनत वाया. अतिदाबाच्या जीएल-५ प्रतीच्या तेलातील गंधकयुक्त रसायने पितळ खातात, म्हणून अशा बॉक्सला जीएल-४ द्यावे लागते. शाळा अर्धवट सोडलेल्या मिस्त्रीला ही रसायने नावाने ठाऊक नसतील. पण ‘हे तेल रिंग खाते’ एवढे त्याला नेमके ठाऊक होते.

१४/
आता बदल. नव्या गिअरबॉक्सच्या दांड्यावरील खाचा जुन्या क्लच प्लेटला जुळत नाहीत, म्हणून प्लेट बदला. इंजिन फियाटचेच ठेवायचे असेल तर दोहोंमध्ये जोडपट्टी बनवा, आणि तिचे केंद्र अचूक साधा. मिलिमीटरच्या दशांशाइतकी चूकही काही हजार किलोमीटरांत बेअरिंग खाऊन टाकते. गिअरबॉक्सची लांबी वेगळी, म्हणून त्याला पेलणारा आडवा पट्टा सरकवा. प्रोपेलर शाफ्ट कापा, जोडा, आणि पुन्हा समतोल करा, नाहीतर ठरावीक वेगाला सारी गाडी थरथरते. स्पीडोमीटरची केबल नव्या जागी न्या. शेवटी तळाच्या पत्र्याला भोक पाडून दांड्याला वाट द्या आणि वर रबरी बूट बसवा, म्हणजे पावसाळ्यात चिखल आत येणार नाही.

१५/
यातही दर्दी मंडळी थांबत नसत. दांड्याची फेक कमी हवी असे. तिचे गणित साधे आहे. दांडा एका बिंदूवर फिरतो. बिंदूच्या वरचा भाग ३०० मिलिमीटर आणि खालचा ५० असेल तर प्रमाण सहास एक : आतला भाग १० मिलिमीटर सरकवायला हात ६० मिलिमीटर हलवावा लागतो. खालचा भाग ६५ केला की हाताची हालचाल साधारण ४६ वर येते. गिअर झटकन पडतो. बदल्यात हाताला जोर जास्त लागतो आणि पितळी रिंगेवरचा ताण वाढतो. फुकट काहीच मिळत नाही. लेथवर एक तुकडा कातून ही तडजोड साधणारा माणूस यंत्रशास्त्रच करत होता. फक्त त्याने ते कागदावर केले नाही.

१६/
आणि आता मूळ वादाचा मुद्दा. हेच काम परदेशात झाले तेव्हा त्याला काय म्हटले गेले?

अमेरिकेतही स्तंभावरचा तीन गिअरचा दांडा सर्रास होता. तो खाली आणून देणारे संच जॉर्ज हर्स्ट नावाच्या गृहस्थाने पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस विकायला सुरुवात केली. १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओवर हर्स्टचा दांडा थेट कारखान्यातूनच आला. १९६८ मध्ये तर ‘हर्स्ट-ओल्ड्स’ या गाडीच्या नावातच तो माणूस जाऊन बसला. दांडा वरून खाली आणणे, हेच ते काम. आज अमेरिकन संग्राहक हर्स्टचे नाव कोरलेला दांडा अभिमानाने मिरवतात.

१७/
पुढे चला. कॉलिन चॅपमनची १९५७ ची लोटस सेव्हन. स्पोर्ट्स कारच्या इतिहासात तिचे नाव आदराने घेतले जाते. तिच्यात इंजिन कोणाचे? सामान्य फोर्डचे. गिअरबॉक्स? फोर्डचाच, तीन गिअरचा. शिवाय करबचतीसाठी ती सुट्या भागांच्या पेटाऱ्यात विकली जाई आणि गिऱ्हाईक घरच्या अंगणात जोडे. १९६२ ची कोब्रा घ्या : इंग्रजी एसीची काया, अमेरिकन फोर्डचे व्ही-८, गिअरबॉक्स बोर्ग-वॉर्नरचा. तीन ठिकाणचे तीन भाग एकत्र बांधले आणि दंतकथा झाली. कुर्ल्याचा मिस्त्री निसानचा गिअरबॉक्स फियाटमध्ये बांधतो तेव्हा मात्र ती विटंबना. हा न्याय कुठला?

१८/
आपल्याच मातीतले उदाहरण देतो. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या वळणाची रोडस्टर बनवली. तिचे हृदय इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन, आणि पाच गिअरचा बॉक्स. हेच इंजिन आपण हिंदुस्थान मोटर्सच्या काँटेसामध्ये आणि नंतरच्या अॅम्बेसेडरमध्ये पाहिले आहे. म्हणजे आमदारांच्या गाडीचे इंजिन घेऊन महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर एक उघडी, हलकी, दोन आसनी स्पोर्ट्स कार उभी राहिली. बंगळूरच्या सॅन स्टॉर्ममध्ये ११४९ सीसीचे रेनॉचे इंजिन होते. अलीकडच्या डीसी अवंतीचे दोन लिटरचे टर्बो इंजिनही बाहेरून आणलेलेच. या सर्वांना आपण ‘निर्मिती’ म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. मग तेच काम नाव नसलेल्या गॅरेजात झाले की शब्द का बदलतो?

१९/
सर्वांत बोलका पुरावा खुद्द कारखान्याचा. पद्मिनीच्या अखेरच्या काळात प्रीमियरनेच ‘एस-१’ ही आवृत्ती काढली. तीत निसान पद्धतीचा गिअरबॉक्स, दांडा खाली, आणि बाकाऐवजी स्वतंत्र आसने. मिस्त्रींनी आपल्या जोखमीवर जे आधी केले, ते कारखान्याने शिक्का मारून नंतर केले. आता शुद्धतावाद्यांना माझा प्रश्न : एस-१ अस्सल आणि तोच बदल केलेली आधीची पद्मिनी नकली, हे कोणत्या कसोटीवर? कसोटी एकच दिसते. एकावर कंपनीची सही आहे, दुसऱ्यावर काळ्या तेलाचा हात आहे.

२०/
प्रतिपक्षाचे दोन आक्षेप वजनदार आहेत. ते टाळणे अप्रामाणिक ठरेल.

पहिला आक्षेप अस्सलपणाचा. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेले, मूळ स्वरूपात राखलेले वाहन त्यात बसते. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नोंदणीशुल्क २०,००० रुपये, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. हा नियम वाईट नाही. हात न लागलेली गाडी तशीच राहिली पाहिजे, कारण मूळ रचना कशी होती हे सांगणारा तो एकमेव साक्षीदार. अशा गाडीला भोक पाडायला निघालेल्याला मीही हात जोडून अडवीन.

२१/
परंतु पाहा, काय घडते आहे. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीची झाली. आता दरवर्षी एकेका सालची पद्मिनी त्या उंबरठ्यावर येणार. विंटेजचा मान मिळावा म्हणून चाळीस वर्षांपूर्वी बसवलेला निसानचा गिअरबॉक्स उपटून फेकायचा, तळाचे भोक पत्र्याने बुजवायचे, स्तंभावरचा दांडा कुठून तरी मिळवून पुन्हा लावायचा, असा ओघ सुरू होईल. त्या गाडीचा चाळीस वर्षांचा खरा इतिहास पुसून तिला एका काल्पनिक जन्मदिवसावर परत नेणे, याला आपण संवर्धन म्हणणार का?

२२/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगायला नको. किल्ल्यावर बहामनी बुरूज असतो, त्यावर शिवकालीन तटबंदी, त्यावर पेशवाईतील दुरुस्ती, त्यावर इंग्रजांच्या तोफेची खूण. सगळे थर खरवडून बहामनी बुरूजच ‘मूळ’ म्हणून ठेवा असे कोणी सुचवले, तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. मग मोटारीच्या बाबतीत थर का नकोत?

२३/
दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो अधिक गंभीर आहे. जोर वाढवला आणि ब्रेक तेच ठेवले, शाफ्ट समतोल न करता जोडला, भोक पाडताना पत्र्याची मजबुती घालवली, अशी कामेही झाली. पद्मिनीला वेगळी चासी नाही, तिचा पत्राच तिचा सांगाडा. तो कुठेही कापून चालत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा फेरफारांवर बंधन घालते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कठोर अर्थ लावला : निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. रस्त्यावर दुसऱ्याचा जीव असतो. त्यामुळे नवा बदल कायद्याच्या चौकटीतच व्हावा, याविषयी माझा वाद नाही.

२४/
माझा वाद भूतकाळाच्या न्यायनिवाड्याशी आहे. वाईट कामे झाली म्हणून सारी कारागिरीच अडाणी ठरवायची, हा न्याय आपण इतर कुठल्या क्षेत्राला लावत नाही. कोसळलेल्या पुलामुळे स्थापत्यशास्त्र थोतांड ठरत नाही. आणि इथे एक शब्द फार घात करतो : ‘जुगाड’. कोणी तो कौतुकाने म्हणतो, कोणी हिणवून. दोन्ही अर्थी तो चूक. जुगाड म्हणजे वेळ निभावून नेणे. दशांश मिलिमीटरमध्ये केंद्र साधणे, शाफ्ट समतोल करणे, रिंगेची फट मोजणे याला मराठीत सरळ शब्द आहे : कसब. तो वापरायला आपल्याला संकोच का वाटतो, याचा विचार करा. कदाचित कसब दाखवणाऱ्याच्या नखांत ग्रीस असते, एवढेच कारण असेल.

२५/
हे कसब आकाशातून पडले नाही. आमच्या वऱ्हाडापुरते पाहू. खामगाव ही कापसाची मोठी पेठ, १८७० मध्ये तिथवर रेल्वेची शाखा पोचली. कापसामागोमाग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. त्यांतील शाफ्ट, पट्टे, बेअरिंगे यांची देखभाल करायला फिटर लागले. तिकडे बेळगावात १८८८ मध्ये सायकलींच्या दुकानापासून आरंभ केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर आले, आणि पुढे त्याच घराण्याच्या उद्योगातून देशी लेथ आले. १९५० पासून आयटीआयची योजना आली. नांगर, जिन, तेलाचे इंजिन, ट्रॅक्टर, एसटी आणि मग फियाट, अशी ही साखळी आहे. मोटारीचा गिअरबॉक्स खोलणारा हात त्याआधी दोन पिढ्या काही ना काही खोलत होता.

२६/
मग या साखळीची नोंद कुठे आहे? वालचंद हिराचंदांचे चरित्र मिळते, आणि मिळायलाच हवे. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसवर जाडजूड पुस्तके मिळतात. गिअरबॉक्स उघडणाऱ्याचे नावही मिळत नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्याच्या पुड्यांसाठी निघालेल्या रद्दीतून दप्तरे वाचवली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड उभे केले. त्यांचा धडा एवढाच होता का, की फक्त मोडी लिपीतले तेवढे साधन? रद्दी ओळखायला शिका, हा त्यांचा खरा धडा. आज ती रद्दी गॅरेजच्या कोपऱ्यात पडली आहे.

२७/
वेळ फार उरलेला नाही. मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली. त्या दिवशी सगळ्यांनी भावुक छायाचित्रे टाकली. पण त्या गाड्यांचे गिअर ज्यांनी आयुष्यभर जुळवले, त्यांच्याकडे किती जण गेले? जो मिस्त्री १९८५ मध्ये पंचविशीत होता, तो आज पासष्टीच्या घरात आहे. त्याच्या मुलाने बहुधा दुसरा धंदा धरला आहे. आजच्या गाडीचा गिअरबॉक्स बिघडला तर अनेकदा तो उघडतच नाहीत, अख्खा बदलतात. म्हणजे कान लावून बेअरिंग ओळखणारी ही शेवटची पिढी.

२८/
म्हणून माझी विनंती टाळ्यांची नाही, कामाची आहे.

एक : तुमच्या तालुक्याच्या गावी जुना मिस्त्री असेल, त्याच्याकडे जा. त्याच्या परवानगीने त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. ‘तुम्ही काका हे कुठे शिकलात, कोणाच्या हाताखाली?’ इथून सुरुवात करा. उस्ताद-शागिर्दांची ती वंशावळच आपली बखर आहे.

दोन : हत्यारांची, घरी बनवलेल्या पुलरची, जोडपट्टीच्या नमुन्यांची छायाचित्रे मापपट्टीसह घ्या. माप नसलेले चित्र पुढच्या अभ्यासकाला निरुपयोगी.

२९/
तीन : शब्द टिपा. आपल्या भागात सिंक्रो-रिंगला काय म्हणतात, फोर्कला काय म्हणतात, गिअर निसटण्याला काय म्हणतात. गॅरेजची मराठी ही भाषेची एक स्वतंत्र शाखा आहे आणि तिचा कोश कोणी केलेला नाही असे समजूनच कामाला लागा.

चार : जुनी गाडी तुमच्या घरी असेल आणि तुम्हाला ती मूळ स्वरूपात न्यायचीच असेल, तर खुशाल न्या, गाडी तुमची आहे. पण काढलेला गिअरबॉक्स, कापलेला शाफ्ट, बदललेला दांडा भंगारवाल्याला किलोवर घालू नका. त्याला चिठ्ठी बांधा : कोणी बसवला, कोणत्या साली, का. आणि तळाचे भोक बुजवण्याआधी त्याचे छायाचित्र काढा.

पाच : हात न लागलेली गाडी मिळाली, तर तिला हात लावू नका.

३०/
शेवटी पुन्हा त्या पहिल्या वाक्याकडे येतो. ‘मिस्त्रीने गाडीची वाट लावली.’ मला वाटते, आपण हे वाक्य म्हणतो तेव्हा गाडीविषयी कमी आणि मिस्त्रीविषयी जास्त बोलत असतो. इतिहास घडवणारा कोण आणि नुसती दुरुस्ती करणारा कोण, ही विभागणी आपण मनात आधीच करून ठेवलेली असते.

राजूर घाटाच्या पायथ्याशी एखादी जुनी पद्मिनी दिसली, चालकाचा हात खाली गेला आणि दुसरा गिअर न कुरकुरता पडला, तर तो आवाज न येणे हेच कुणाच्या तरी आयुष्यभराच्या कामाचे फळ आहे, हे ध्यानात ठेवा. आणि जमल्यास गाडी थांबवून विचारा : हा गिअर कोणी बसवला? उत्तर मिळाले तर लिहून ठेवा, नावासकट.

धागा समाप्त. तुमच्या गावच्या मिस्त्रीची आठवण असेल तर खाली अवश्य लिहा, मात्र त्यांचे नाव टाकण्याआधी त्यांना विचारा.